फोनला न कळलेलं ‘न्हाय’

बेळगावजवळच्या आमच्या गावातल्या मराठी शाळेला वर्षभर मास्तर नव्हता. शेजारची आक्का मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला जाते, तिची पोरगी त्याच शाळेत आहे. मी तिला म्हटलं, मास्तर मागायचा अर्ज तूच सांग, बोललेलं सगळं फोन लिहून घेतो.

आक्का फोनला म्हणाली, “आमच्या शाळंत मास्तर न्हाय.”

फोननं लिहिलं, ‘आमच्या शाळेत मास्तर न्याय.’

“बघ रं, तुझा फोन बी न्याय मागाय लागला!” आक्का हसली. तिनं आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा न्यायच.

मी वैतागलो. “आक्का, ‘नाही’ म्हण. नीट बोल जरा.”

तिनं फोन तोंडाजवळ धरला. मग पाठ म्हणून दाखवावा तशी सावकाश म्हणाली, “मास्तर नाही.” फोनला लगेच कळलं. अर्ज गेला.

आमच्या तोंडावर दुसऱ्याची भाषा लादू नका, अशी पत्रकं मी कॉलेजपासून वाटतोय. ती सगळी सरकारला उद्देशून असतात. त्या दिवशी तिथं सरकार नव्हतं, मीच होतो.

परवा विचारलं, “आक्का, मास्तर आला काय?”

“नाही आला,” आक्का म्हणाली. “आता तरी नीट बोलले का न्हाय रं?”