गयाबाईचा अंगठा

उन्नती कुळगावात आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं आली तेव्हा तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. बुवापाड्याच्या घरी नवऱ्यानं, जयदेवनं, तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं होतं. कडेवर लेक, प्राची. "ताई, त्याला ही पोरगी हवीय. पत्ता कुणाला कळू देऊ नका."

उल्हासनगरला ती जीन्स शिवायच्या कारखान्यात जायची. बायकांच्या एका संस्थेनं तिला मोबाईलवर डिजिटल ओळख काढून दिली. ती दाखवली की शेठला एवढंच दिसे, बाई खरी आहे आणि काम शिकलेली आहे. नाव-पत्ता तिच्याच मोबाईलमध्ये कुलूपबंद. खरेपणाची नोंद मात्र ब्लॉकचेनवर, म्हणजे एकाच वेळी असंख्य संगणकांवर, कुणा एकाला खोडता न येणारी. मोबाईल गेलाच, तर तिनं नेमलेल्या तिघींपैकी दोघींनी अंगठा लावून 'मान्य' करायचं. मग तिचं सिमकार्ड घातलेल्या दुसऱ्या मोबाईलवर ओळख उघडते, पत्त्यासकट.

त्या तिघींत एक मी, दुसरी तिच्या शेजारच्या मशीनवरची माया. आणि तिसरी चक्क सासू, गयाबाई!

"अक्कल गहाण टाकलीस का गं?"

"बाळंतपणात माझे पाय चेपलेत त्यांनी, ताई. आणि लग्नाच्या कागदावर दोन्हीकडची माणसं सही करतात ना? सासरचं एक तरी नको?"

गयाबाईनं हे सगळं, कारखान्याच्या आणि मायाच्या नावासकट, कौतुकानं चाळभर सांगितलं. जयदेवलाही कळलं.

त्यानं उन्नतीला कारखान्याच्या दारात गाठलं. लोखंडी पट्टी थेट नाकावर. मोबाईलसाठी तो तिला केस धरून फरफटायला लागला, तेव्हा तिनंच मोबाईल टेम्पोच्या चाकाखाली फेकला. त्यानं तिच्या बरगड्यांत लाथा घातल्या, चुऱ्यातून सिमकार्ड वेचून स्वतःच्या मोबाईलमध्ये घातलं आणि सोडवायला आलेल्या मायाच्या गळ्याला कात्री लावली. "लाव अंगठा!" मायानं लावला. माणसं जमली तसा तो पळाला.

माझ्याही मोबाईलवर विचारणा आली. प्राची माझ्या मांडीवर वरणभात खात होती. उन्नतीनं नवा मोबाईल घेतला असेल म्हणून मी अंगठा टेकवणार, तोच मायाचा फोन. "ताई, नका लावू! तो आहे तो!"

आता त्याला एकच अंगठा हवा होता. तो बुवापाड्याला गेला. आरडाओरडा ऐकून शेजारची बनूबाई खिडकीशी आली होती, तिनं सगळं पाहिलं.

"आये, लाव. माझी पोर आहे ती."

"पोर तुझी, मग तिच्या आईला का मारतोस रे मुडद्या?"

गयाबाईनं उजवा अंगठा मुठीत आवळला. त्यानं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि ती मूठ उंबऱ्यावर धरून ठेचली. पुन्हा ठेचली. बोटं मोडली, मूठ उघडली, पण अंगठ्याचा पार लगदा झाला होता. तो रक्ताळलेला लगदा मोबाईलवर घासत "घे ना, घे ना" असं ओरडत असताना माणसांनी दार फोडून त्याला पकडलं.

सासू-सून एकाच सरकारी दवाखान्यात. मी आणि मायानं उन्नतीची ओळख नव्या मोबाईलवर उघडून दिली.

"माझं नाव काढ त्यातनं," गयाबाई म्हणाली. "तो सुटला की परत येईल. आणि अंगठा तरी कुठं राहिलाय?"

"डावा चालतो, आई."

नाकाला टाके, धड बोलता येत नव्हतं. तरी उन्नती तिच्या खाटेवर वाकली आणि कुळगावचा पत्ता तिच्या कानात सांगितला. "इथनं सोडलं की सरळ तिकडंच यायचं."