धारगळचा वेल्डर

म्हापशात मी कुत्र्यांचे केस कापायचं दुकान चालवते. टेबलाच्या ज्या दांड्याला कुत्र्याचा पट्टा अडकवतात, तो एकदा वाकला. टेबलावरून उडी मारलेला लॅब्रॅडॉर गळ्यानं लटकला. मी धावत जाऊन त्याला उचललं, म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी तो दांडा पट्ट्यासकट घेऊन मी धारगळला हायवेवरच्या एका वेल्डरकडे गेले. पन्नाशीचा, अबोल माणूस. पूर्वी डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची कामं करायचा.

"न वाकणारा दांडा हवा," मी म्हटलं.

त्यानं जाड चौकोनी पाइप जोडला आणि दोन्ही पाय उचलून स्वतःच त्याला लोंबकळला. दांडा हलला नाही. मी निघणार, तोच त्यानं पट्ट्यात मनगट घालून जोरात हिसका दिला. मनगटावर लाल वळ उठला. त्यानं पट्ट्याचा हूक काढून जरा नरम तारेचा लावला, पुन्हा हिसका दिला. हूक उघडला, हात मोकळा झाला.

"दांडो मोडता कामा नये, बाय," तो मनगट चोळत म्हणाला. "पण गळ्यातलो पट्टो सुटाक व्हयो."

दुकानातून निघाल्यापासून मी फक्त दांड्याचाच विचार करत होते.