आईला गाडी लागत नव्हती

बँकेतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी तरुणपणापासून मनात असलेली जुनी गाडी घेतली. गोल दिव्यांची, क्रीम रंगाची, स्टिअरिंगजवळ गियर असलेली. दर रविवारी ते सुरतहून हायवेने कडोदऱ्यापर्यंत फेरी मारायचे. पुढे त्यांचा गाडीवेडा मित्र, मागे आई. परत आली की आई भिंत धरत आत यायची, ओकायची आणि कपाळावर ओली पट्टी ठेवून पडायची. "मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं," एवढंच म्हणायची. त्रास झाला की तिच्या तोंडी अहिराणीच यायची.

"तिला गाडी लागते," वडील सगळ्यांना सांगायचे. त्यांनी आवळासुपारीची बरणी आणून गाडीत ठेवली होती.

जिने उभी हयात सुरत-धुळे एसटीत काढली, कोंडाईबारीचा घाट शेवटच्या सीटवर डबा खात पार केला, तिला सपाट हायवेवर गाडी लागते!

मी तेव्हा वापीला नोकरी करत होते. नंतर सुरतजवळच्या सचिन गावी, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये कामगार-सुरक्षा विभागात काम मिळालं आणि घरी राहायला आले. पहिल्याच रविवारी आईशेजारी बसले. कडोदरा येईपर्यंत माझीही कानशिलं ठणकायला लागली. काच खाली केली तर मळमळ वाढलीच.

"नाना, मागे धूर येतोय."

"जुन्या गाडीला वास असतोच," वडील म्हणाले. मित्र हसला, "आजकालच्या पोरींना एसीची सवय."

मी ओढणी तोंडावर दाबली; तोंड उघडलं असतं तर ओकले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना मी वडिलांना गाडी चालू करायला लावली. बॉनेटखालून टक्-टक् आवाज येत होता. "व्हॉल्व्हचे टॅपेट वाजतात," ते म्हणाले. पण इंजिन तापलं तसा आवाज विरत गेला. टॅपेटचा आवाज असा विरत नाही. हा इंजिन आणि धुराच्या पाइपामधल्या जळलेल्या गॅस्केटमधून निसटणारा धूर होता. लोखंड तापून फुगलं की फट मिटत होती. सांध्याभोवती काजळी धरली होती. मग मी जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबलं. मागच्या सीटखालून फुस्स आवाज आला. पाइपही तिथेच कुजला होता.

आई बसायची तिथलं मॅट उचललं. गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्यावर पत्र्याचा तुकडा चिकटवलेला, तोही एका बाजूने सुटलेला.

"हा पत्रा कोणी लावला?"

"मीच. तळ कापून वेल्डिंग केलं की गाडीचा अस्सलपणा जातो."

मिलमध्ये विषारी वायू ओळखणारं छोटं यंत्र असतं. साहेबांना विचारून मी ते घरी आणलं. काचा लावून मागच्या सीटवर ठेवलं, गाडी चालू केली. थोड्याच वेळात ते किंचाळायला लागलं.

"बंद कर ते!" वडील ओरडले.

"तुम्ही गाडी बंद करा, नाना! आईला विष देताय तुम्ही!"

गल्लीतली माणसं बाल्कनीत आली. येऊ देत, म्हटलं. हॉर्नचा सूर किंचित बदलला तर ज्यांचं जेवणावरून लक्ष उडायचं, त्यांना बाथरूममध्ये ओकणारी बायको ऐकू येत नव्हती.

गॅस्केट बदललं, पाइप नवा आला, तळ वेल्ड झाला. गॅरेजमध्ये मी उभी राहून सगळं करून घेतलं आणि यंत्र पुन्हा ठेवून पाहिलं. ते गप्प राहिलं.

रविवारी वडील स्वयंपाकघराच्या दारात आले. "चल, आता काही होणार नाही."

आई मेथी निवडत होती. "नाही होणार, माहीत आहे. पण मला यायचं नाही."

"का? सगळं दुरुस्त केलंय."

"मी डोकं दुखतं म्हणून सांगत होते, आणि तुम्ही भोकावर मॅट टाकत होता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. वडील किल्ली घेऊन एकटेच गेले.

नातेवाईक मला समजावतात, त्यांनी मुद्दाम थोडंच केलं? मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. रविवारी आता आई माझ्या स्कूटरवर बसून उधन्याला मावशीकडे जाते, तिथे दोघी दुपारभर हसत असतात. वडिलांशी मी कामापुरतं बोलते. राग अजून आहे, आणि तो घालवायची मला घाई नाही.