चिकटवलेल्या पायाचं एक पाऊल

भूत, भानामती, पांढऱ्या साड्या... या सदरातलं सगळं मी आजवर चहात बिस्किट बुडवत वाचलंय आणि मनसोक्त हसलोय. एकदा तर एका अनुभवावर ‘लेखकाने पोट साफ ठेवावे’ अशी प्रतिक्रिया लिहून पाठवली होती. छापली नाही, उपकार झाले. कारण आज मीच लिहायला बसलोय. माझा आजही असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फक्त एका दसऱ्याच्या सकाळी माझ्या वडिलांचा जीव माझ्या मूर्खपणाने जाणार होता आणि तो गेला नाही. का गेला नाही, ते मला सांगता येत नाही... एवढाच काय तो मुद्दा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. हैदराबाद, नल्लकुंटा. लक्ष्मम्मा नावाच्या घरमालकीण वर राहायच्या, खाली आम्ही : नाना म्हणजे वडील, आई आणि मी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बिनखिडकीचं बाथरूम आणि सगळ्या घराला मिळून एकच फ्यूज. नाना रेल्वेतून रिटायर झालेले. मी एका कंपनीत यूपीएस विकायचो. तेव्हा नारायणगुड्यात दर दोन दुकानांआड कॉम्प्युटरचा क्लास निघत होता, त्यामुळे धंदा तेजीत. रोज चार गिऱ्हाइकांना मी अर्थिंगचं महत्त्व समजावून सांगायचो. चित्र काढून! हे लक्षात असू द्या, पुढे लाज वाटायला उपयोगी पडेल.

दादा एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे अमेरिकेत गेला होता. त्याने माझ्यासाठी एक किट पाठवलं. स्केल मॉडेल. परग्रहावरच्या लढाईत वापरायचं चार पायांचं चालतं यंत्र. वर तोफा, पोटात सैनिकांची जागा, आणि अडीचशे तुकडे आपण जोडायचे. माहितीपत्रक जपानी भाषेत. सोबतची गोंदाची नळी वाळून दगड झालेली. मग मी प्लंबर लोक पाइप जोडायला वापरतात ते सोल्यूशन आणलं. काय चिकटतं म्हणता! पहिल्याच दिवशी पाय चिकटला, तोफ चिकटली, माझा अंगठा चिकटला.

पण नुसतं जोडून गप्प बसलो तर तो मी कसला. मला ते चालवायचं होतं. सुलतान बाजारात माझा मित्र सलीम टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. त्याच्याकडून मोटर आणली, पोट कापून आत बसवली. तोल जाऊ नये म्हणून पायांत नट भरले, तळव्यांना तुपाच्या डब्याचा पत्रा लावला. तयार झालं तेव्हा मांजराएवढं दिसत होतं. बटण दाबलं. घुर्रर्र झालं, थोडा धूर आला, आणि ते जागच्या जागी थरथरलं... नाना थंडीत सकाळी दुधाच्या रांगेत उभे राहून थरथरायचे तसं. पाऊल मात्र एक टाकलं नाही. सहा महिने खटपट केली. सलीम म्हणाला, “कायकू सताते मियाँ उसकू? नै चलना बोल रा तो बैठने दो ना आराम से.”

शेवटी वैतागून मी मोटर काढून टाकली आणि प्रत्येक सांधा सोल्यूशनने कायमचा चिकटवून टाकला. वरून रंगाचे दोन हात दिले. विषय संपला.

राहिली होती फक्त सजावट. पायांवरून नळ्या गेलेल्या दाखवायच्या होत्या. दसऱ्याला मित्र बघायला येणार होते, आणि आदल्या संध्याकाळी माझ्याकडची वायर संपली. घरभर शोधलं. शेवटी पाणी तापवायच्या रॉडची लांबलचक केबल दिसली. तिच्यात लाल, काळी आणि हिरवी. करंट धावतो लाल-काळ्यातून. हिरवी आपली नुसतीच सोबतीला... असा विचार मी केला. मी! अर्थिंगची चित्रं काढणारा! हिरवी वायर वीतभर ओढून कापली, प्लग पुन्हा बसवला आणि यंत्राच्या पुढच्या उजव्या पायाला गुंडाळली. सुंदर दिसत होती, खोटं कशाला सांगू.

दसऱ्याची सकाळ. हैदराबादेत त्या दिवशी सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकांपुढे लिंबं ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात. आमच्याकडे मूळ ही पद्धत नव्हती, पण लक्ष्मम्मांचं बघून आईने ती केव्हाच उचलली होती. ती ताट घेऊन थेट माझ्या खोलीत आली. यंत्राला हळदकुंकू लावलं आणि चारी पायांपुढे एकेक लिंबू ठेवलं.

“आई, रंग खराब होईल! आणि ते खेळणं आहे गं.”

“वाहन आहे ना? सैनिक बसतात म्हणालास.”

“त्याला चाकं कुठायत?”

“हत्तीला कुठे असतात? गप बस, नमस्कार कर.”

केला नमस्कार. मग आम्ही दोघं फाटकापाशी स्कूटरकडे गेलो. लक्ष्मम्माही खाली आल्या होत्या. घरात उरले एकटे नाना, तेही आत्ता कुठे बाथरूममध्ये शिरलेले. पेपर संपल्याशिवाय ते आंघोळीला उठायचे नाहीत, म्हणून आईची बडबड चालूच होती : “गाड्यांच्या पूजा झाल्या, यांची आंघोळ नाही!”

मी स्कूटर सुरू केली. चाक लिंबावर चढलं, पच्चकन आवाज आला... आणि त्याच क्षणी घरातून फट्ट!

मागोमाग नानांची हाक : “करंट गेला रे!”

शेजारच्यांचा टीव्ही तर चालू होता. म्हणजे आमचाच फ्यूज. मी आत धावलो. माझ्या खोलीत जळका वास. टेबलाजवळ गेलो आणि उभाच राहिलो.

यंत्राचा पुढचा उजवा पाय दोन बोटं पुढे आला होता. बाकीचे तीन जागेवर, त्यांच्यापुढची तीन लिंबंही जागेवर. चौथं लिंबू त्या पायाखाली चपटं झालेलं. आणि त्याच्यापुढे माझी आणखी एक कर्तबगारी होती : सोल्डरिंग आयर्नचा प्लग तुटला म्हणून त्याच्या दोन उघड्या वायरी मी काड्यापेटीच्या काड्या खोचून टेबलावरच्या एक्स्टेंशन बोर्डात बसवल्या होत्या. तळव्याच्या पत्र्याची पुढची कड बरोबर त्या दोन वायरींवर टेकली होती.

“आई, तू हलवलंस हे?”

“मी तुझ्याबरोबर बाहेर नव्हते का?”

नव्हती कशी, होतीच. मी त्या वायरी उपटल्या, व्हरांड्यात जाऊन फ्यूजची तार बदलली. दिवे लागले. मागून नानांचा समाधानाचा आवाज : “आला रे!” मी खोलीत परत येऊन लिंबाचा रस पुसायला वाकलो. पुढे आलेला पाय नाकासमोर. त्यावर हिरवी वायर. आणि डोक्यात, एका रात्रीच्या उशिराने का होईना, उजेड पडला... रॉड जुना, त्यातून गळणारा करंट आजवर ही हिरवीच जमिनीत नेत होती. आणि नानांना सवय होती : रॉड चालू असतानाच बादलीत बोट बुडवून पाणी किती तापलं ते बघायचे. पितळी बादली. ओली फरशी. अनवाणी पाय.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. “नाना, हात लावू नका! पाण्याला हात लावू नका!” बाथरूमची कडी आतून.

“आता आंघोळ करू की नको? एक काय ते ठरवा!”

“नाना, तुमच्या पाया पडतो, दार उघडा!”

मी त्यांच्या पाया पडतो म्हणालो याचाच त्यांना धक्का बसला असावा. दार उघडलं. पंचा नेसून, अंगाला तेल लावून, उजव्या हाताचं बोट पुढे करून उभे. मी टेस्टर बादलीला टेकवला. त्यातला लहानसा दिवा भरदिवसा लखलखला.

मेन स्विच बंद करून मी परत आलो आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलो. सगळं सांगून टाकलं, हिरव्या वायरीसकट. नानांनी बादलीकडे पाहिलं.

“मघाशी बोट बुडवणारच होतो,” ते म्हणाले. “अंधार झाला म्हणून थांबलो.” मग माझ्याकडे वळले. “म्हणजे मी मेलो असतो.”

“हो.”

“आणि तू लोकांना यूपीएस विकतोस.”

“हो.”

“घेतं कोण रे तुझ्याकडून?”

मी हसायला लागलो, आणि हसता हसता असा रडलो की आई ताट टाकून धावत आली. नानांनी तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला. शँपू केलेले केस होते... पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही. आईने गॅसवर पाणी तापवलं आणि नानांची आंघोळ झाली. चौथ्या पुरणपोळीपर्यंत ते मला शिव्या देत होते, आणि इतकं गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

दुपारी सलीम आला. त्याने तो पाय धरला, ओढला, पिळला. “जाम है मियाँ. पत्थर है. कौन बोला ये चला?” सांध्यावरच्या रंगाला साधा तडाही नव्हता. पण पाय दोन बोटं पुढे. आम्ही यंत्र उचलून एका लिंबावर ठेवून पाहिलं. लिंबाला ओरखडासुद्धा नाही, यंत्रच कलंडलं. मग टेबल हलवून पाहिलं, शेजारच्या रस्त्यावरून लॉरी जाईपर्यंत वाट पाहिली. काही नाही. सोल्यूशन उन्हाने मऊ होतं, रंग आकसतो, मीच मुळात पाय वाकडा चिकटवला असेन... सगळी कारणं मी स्वतःला देऊन बघितली. लिंबापाशी येऊन प्रत्येक कारण अडतं. इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी ‘पोट साफ ठेवावे’ म्हणून लिहिलंत तरी चालेल, मला ते शोभेलच.

नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा सांगायचे, आणि दर खेपेला त्यातला मी थोडा अधिक गाढव होत जायचो. शेवटी शेवटी तर मी त्यांचीच बोटं सोल्यूशनने बादलीला चिकटवली होती. आई म्हणायची, अरे, खोडून काढ की त्यांचं! मी कधीच खोडलं नाही. समोर बसून पाहुण्यांबरोबर हसायचो, आणि त्यांना म्हणायचो, “नाना, पुन्हा एकदा सांगा.”