टॅक्सीच्या दिव्यांच्या वाट्या

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या गदारोळात लालबागच्या नाक्यावर ह्यांच्या टॅक्सीचे दोन्ही हेडलाइट दगडांनी फुटले. आदल्या दिवशी हे स्वतः मोर्चात घसा फोडून आले होते, त्यामुळे दगडाला शिव्या द्यायचीही सोय नव्हती. टॅक्सी शेठची. त्याने बजावलं, दसऱ्यानंतर पासिंग आहे, दिवे नीट करून पास करून आण, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. मिलमधल्या जॉबरशी, म्हणजे कामगार कामावर घेणाऱ्या मुकादमाशी, भांडून हे टॅक्सीवर आले होते. परत त्याच्या दारात जायचं, ही कल्पनाही ह्यांना सोसत नव्हती.

नुसत्या काचा बदलून ह्यांचं समाधान होईना. चोरबाजारातून एका मोठ्या मोटारीचे दिवे आणले. बल्बच्या मागे उजेड पुढे फेकणाऱ्या पितळी वाट्या असतात, त्यांना आतून भुलेश्वरला चांदीचा मुलामा देऊन आणला. चार दिवस खोलीत वायरी, पाने आणि कानशीचा आवाज. वाट्या फळीवर ठेवताना, आत बोटसुद्धा लावायचं नाही, असं हे सासूबाईंना सांगून गेले. ते मला नंतर कळलं. आमच्या घरात सूचना सासूबाईंना मिळायच्या आणि काम मला.

दसऱ्याआधी घरातली सगळी भांडी निघाली. मोरीत चिंच आणि राख घेऊन मी बसले होते. सासूबाईंनी फळी रिकामी करता करता त्या दोन वाट्याही माझ्यापुढे सरकवल्या. मागून काळ्याकुट्ट होत्या. "ह्ये पण घास गो," म्हणाल्या. मी घासल्या. कामचुकार म्हणायला नको म्हणून आतूनही घासल्या, चांगला जोर लावून.

ह्यांनी वाटी हातात घेतली तेव्हा आत नुसतं पिवळं पितळ होतं.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जांव दे रे, तिका काय कळता."

स्वतःची चूक माझ्या पदरात घालून वर मला माफही करून टाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी उठून मोरी धुवायला घेतली.

पुन्हा मुलामा द्यायला वेळ नव्हता. त्याच वाट्या बसवून हे गेले. पासिंगच्या इन्स्पेक्टरने दिवे लावून बघितले, उजेड पुरेना म्हणून गाडी परत पाठवली. शेठने टॅक्सी दुसऱ्याला दिली. हे त्याच जॉबरसमोर जाऊन उभे राहिले आणि पुढे निवृत्तीपर्यंत मिलमध्येच होते.

मग त्याचा किस्सा झाला. कोणी पाहुणा आला की हे रंगवून सांगायचे, आमच्या हिने चिंचेने टॅक्सी घासली. सासूबाई सगळ्यात आधी हसायच्या.

त्या गेल्या, त्यांच्या तेराव्यालाही ह्यांनी तो सांगितला. मी चहा वाटत होते. आता तरी खरं सांगता आलं असतं, अडवणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले.