दंडावरचा चुडा

सीडी सुरू होऊन दीड मिनिट झालं आणि अंगणवाडीतल्या सगळ्या बाया एकदम गप्प. वीसेक तरी होत्या. मला वाटलं, वा, रंगल्या पिक्चरमध्ये!

पुढंच सकरूबाई बसली होती. लमाण तांड्यावरची म्हातारी सुईण. ती पिक्चरमधल्या बाईकडं बोट करून म्हणाली, "बाई, हिचा नवरा कधी मेला?"

"मेला कुठं? आता येतोय बघा."

आलाच तो. गरोदर बायकोचा हात धरून जीपकडं न्यायला लागला. बाया तोंडाला ओढणी लावून खुसखुसल्या.

"मंग ह्यो कोन?" सकरूबाई म्हणाली. "अन् लेकरू कुनाचं?"

झालं असं. मी वसमतची, चित्रं काढते. एका संस्थेनं चार मिनिटांची फिल्म सांगितली होती. बाळंतपणात त्रास झाला तर घरी थांबू नका, दवाखान्यात या, एवढंच. कळमनुरीकडच्या तांड्यांवर दाखवायची होती. माझं पहिलंच ॲनिमेशन! ॲनिमेशन म्हणजे थोडी थोडी बदललेली चित्रं भराभर दाखवायची. मी सेकंदाला आठ धरली होती. म्हणजे दोन हजाराच्या आसपास ड्रॉइंग्ज, सगळी हातानं.

लमाणी बाईच्या दंडावर चुडा असतो, पांढऱ्या बांगड्यांची रांगच. कानाशी केसांत गुंफलेली चांदीची घुगरी. प्रत्येक चित्रात ते काढायचं म्हणजे बोटं मोडायची. मी दोन्ही उडवली. सिम्पल डिझाईन! नवरा गेला की बाई हेच उतरवते, हे मला म्हाईत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

संस्थेच्या मॅडमनी मला बाहेर ओढलं. "चुडा काहून गाळला गं?"

"ड्रॉइंगचं काम वाचवायला."

"आठ दिवसांनी फिल्म घेऊन गाडी तांड्यांवर निघून राहिली. ह्या बाया दवाखान्याचं ऐकतील का हिच्यावर हसतील?"

"दंडावर ओढणी टाकते ना मॅडम. चार रेघांचं काम."

सकरूबाई मागं येऊन उभीच होती. "अन् घुगरी? तोंड बी झाकतीस का तिचं?"

आठ दिवसांत दोन हजार चित्रं परत काढणं शक्य नव्हतं. मग मी हलणंच कापलं. बाईची फक्त अकरा मोठी चित्रं काढली, चुडा-घुगरीसकट. प्रत्येक चित्र बराच वेळ तसंच ठेवायचं, याला होल्ड म्हणतात. हलतं काय? पापणी, ओठ आणि जीपची चाकं. रंग द्यायच्या आधी चित्रं सकरूबाईला दाखवली. तिनं घुगरी बोटभर खाली घ्यायला लावली. घेतली.

पुन्हा त्याच अंगणवाडीत फिल्म लावली. ॲनिमेशन म्हणून एकदम गरीब. माझं मलाच बघवत नव्हतं. जीप आली तरी कुणी हसलं नाही. संपल्यावर सकरूबाईची सून उठली. सातवा महिना होता तिला.

"पाय सुजल्यावर जायाचं म्हनली ना ती? तेवढं परत लावा."

मॅडमनी सीडी मागं घेतली. सून पुढं येऊन बसली, स्वतःचे पाय दाबून बघत. सकरूबाईनंही वाकून बघितले आणि मॅडमना विचारलं, "तुमची जीप आज कळमनुरीच्या दवाखान्याकडं जाऊन राहिली का?"

गेली, दोघींना घेऊन. मी मागं सामानाच्या पेट्यांवर बसले.

आता मी काम वाचवायला काही गाळायचं ठरवलं, की आधी ज्यांचं आहे त्यांना विचारते. काम काही वाचत नाही.