मागे, पुढे आणि झालं

माझ्या भाचीला घरात सगळे रबर म्हणतात. लहानपणी ती एक रेघ काढायची आणि तीन खोडायची. चित्रातल्या घराचं दार डावीकडे असावं की उजवीकडे, एवढ्यावरून तिचं खोडणं कागदाला भोक पडेपर्यंत चाले. मी तिला शाळेत एक वर्ष शिकवलं आहे. उत्तर बरोबर असलं तरी ती ते खोडून पुन्हा लिहायची, कारण आधीचं जरा वाकडं आलं होतं. अशा मुलीचं कसं होणार म्हणून माझी वहिनी धास्तावलेली असायची. झालं ते असं, की तिला त्या खोडण्याचाच पगार मिळू लागला.

ती एका लहानशा कंपनीत मोबाइलच्या अ‍ॅपचं डिझाइन करते. कुठलं बटण कुठे, केवढं, आणि त्यावर लिहायचं काय, हे ठरवणं तिचं काम. शेजारच्या काकूंनी एकदा तिला खोदून खोदून विचारलं.

"म्हणजे मोबाइल तू बनवतेस?"

"नाही."

"मग त्यातलं ते अ‍ॅप बनवतेस?"

"तेही प्रोग्रामर बनवतो."

"मग तू काय करतेस गं?"

"मी भांडते, काकू."

हे खोटं नव्हतं. गेलं वर्षभर ती एकाच अ‍ॅपवरून भांडत होती. भाषण देणाऱ्या माणसाच्या हातात त्याचाच मोबाइल रिमोटसारखा चालावा, भिंतीवरच्या पडद्यावर एकामागून एक स्लाइड येत राहाव्यात आणि दर वेळी कॉम्प्युटरपर्यंत धावायला लागू नये, एवढंच ते अ‍ॅप. पण तिच्या साहेबांना त्यात घड्याळ हवं होतं, पडद्यावर बोटासारखा फिरणारा लाल ठिपका हवा होता, टाळ्यांचा आवाज हवा होता. प्रोग्रामरला काहीच नको होतं. कुणी चुकीचं बटण दाबलं की तो म्हणे, "चूक माणसाची आहे. अ‍ॅप बरोबर आहे." ती संध्याकाळी घरी यायची ती पर्स सोफ्यावर आपटूनच.

अशात आमच्या दादाचं व्याख्यान आलं.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, रबरचे वडील. आयुष्यभर तो अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत होता. धूर कसा पसरतो, दार कधी उघडायचं, कधी उघडायचं नाही, हे त्याने मोठमोठ्या कागदांवर स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. ते कागद लाकडी स्टँडला वरच्या कडेला टांगलेले असत. एक कागद शिकवून झाला की तो वर्गाकडे बघून म्हणायचा, "झालं?" आणि कुणी काही विचारलं नाही की कागद उचलून स्टँडच्या पलीकडे टाकायचा. हे 'झालं?' इतक्या वेळा यायचं, की त्याचे विद्यार्थी त्याच्या पाठीमागे त्याला झालंसाहेब म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि ते त्याला आवडायचंही, फक्त तो कबूल करत नसे.

निवृत्त झाल्यावरही नव्या तुकडीला धुराचं व्याख्यान द्यायला त्याला दरवर्षी बोलावत. मग त्याच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि फार वेळ उभं राहणं संपलं. गेल्या वर्षी त्याने खुर्चीत बसून व्याख्यान दिलं. रबरने त्याच्या कागदांचे फोटो काढून स्लाइड केल्या होत्या आणि केंद्रातला एक जण कॉम्प्युटरवर बसला होता. तिथे जी तारांबळ उडाली तिची गोष्ट अजून केंद्रात सांगतात. दादा म्हणे, "मागची घ्या," आणि तो बिचारा मागची घेई, की दादा ओरडे, "अहो, ही तर झाली! मागची, मागची!" तो आणखी मागे जाई. शेवटी स्वागताची स्लाइड आली, फुलांच्या चित्राची. नवी तुकडी हसली.

या वर्षी केंद्राच्या प्राचार्यांनी फोन केला. फार गोड बोलले. "सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. व्याख्यान आमचा तरुण प्रशिक्षक वाचून दाखवेल. तुम्हाला उगाच त्रास नको."

दादाने फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "धूर वाचून दाखवणार म्हणे."

रबर तिथेच होती. तिने प्राचार्यांना उलटा फोन लावला आणि सांगून टाकलं, की बाबा स्वतःच बोलतील, मध्ये कुणीही लागणार नाही, मोबाइलवरून सगळं स्वतः करतील. प्राचार्य म्हणाले, ठीक आहे, पण आमचा माणूस तयारीत बसेल. सर अडकले की तो पुढचं घेईल.

"आणि नाही अडकलो तर?" दादाने विचारलं.

"तर दरवर्षी तुम्हीच," रबर म्हणाली. "मी तसं कबूल करून घेतलंय."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बैठकीच्या खोलीत तालीम सुरू झाली. टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. दादा खुर्चीत, हातात मोबाइल. मोबाइलवर दोन मोठी बटणं: 'मागे' आणि 'पुढे'. मी प्रेक्षक.

पहिली स्लाइड छान झाली. "झालं?" दादाने मला विचारलं. मी मान हलवली. त्याने 'मागे' दाबलं. काहीच झालं नाही, कारण पहिल्या स्लाइडच्या मागे काही नव्हतं.

"बंद पडलं तुझं," दादा म्हणाला.

"बाबा, पुढे दाबा."

त्याने दाबलं. धूर आला. धुरावर तो सुंदर बोलला, आणि बोलून झाल्यावर पुन्हा 'मागे' दाबलं. पहिली स्लाइड हजर.

"बाबा!"

"अगं, मी बरोबर दाबलं. हे उलटं चालतंय."

"उलटं नाही चालत! मागे म्हणजे मागे!"

"तेच तर म्हणतोय मी!"

असं आठवडाभर चाललं. रबरने शब्द काढून बाण दिले. तर दादा म्हणाला, "उजवीकडचा बाण म्हणजे मी कागद उजवीकडे सरकवायचा, की उजवीकडचा कागद इकडे यायचा?" तिने बाण काढून रंग दिले. हिरवं म्हणजे पुढची स्लाइड, लाल म्हणजे आधीची. दादाने दर वेळी लालच दाबलं.

"लाल कशाला दाबता?"

"लाल म्हणजे आमचा. बंब लाल, बादली लाल, नळकांडं लाल. काही करायचं झालं की माझा हात लालवरच जाणार."

"आख्ख्या जगात लाल म्हणजे थांबा!"

"आम्ही थांबलो असतो तर आख्खं जग जळलं असतं," दादा म्हणाला. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

ऑफिसातही सुख नव्हतं. तिने तिथे हे सांगितलं तर प्रोग्रामर म्हणाला, "तुझ्या वडिलांचं वय झालंय. अ‍ॅप बरोबर आहे." हे तिने घरी येऊन मला स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगितलं. सांगताना कांदा इतका बारीक चिरला की तो भाजीत दिसेनासा झाला. "आणि आत्या, मला राग कशाचा येतोय माहीत आहे? मलाही तसंच वाटायला लागलंय."

ते दादाने ऐकलं असावं. कारण त्या संध्याकाळी त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "राहू दे. वाचू दे त्या पोराला."

आता खरं तर तिने प्रेमाने जवळ बसायला हवं होतं. पण वैतागलेलं माणूस प्रेमाने बसत नाही. ती उभी राहिली आणि ओरडलीच, "नाही राहू देणार! मला एकदा सांगा तुम्ही, मागे म्हणजे कुठे? दाखवा मला! बोट ठेवून दाखवा!"

दादाही चिडला. काठी घेऊन उठला, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला, त्याचं वरचं पान चिमटीत धरून उचललं. "हे बघ. हा चालू महिना. कळलं? आता याच्या मागे काय आहे? याच्या मागे पुढचा महिना आहे!"

आणि बोलता बोलता तो थांबला. पान त्याच्या हातात तसंच राहिलं. मागे पुढचा महिना. आम्ही तिघांनीही ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं असावं.

"स्टँड," रबर हळूच म्हणाली. "तुमचा स्टँड."

बरोबर. सगळं आयुष्य त्याचा पुढचा कागद समोरच्या कागदाच्या मागे टांगलेला होता. पुढे जायचं म्हणजे मागचा कागद काढायचा. गेल्या वर्षीही तो बिचाऱ्या माणसाला तेच सांगत होता. चक्रम कुणी नव्हतं. मराठी बोलणारी दोन शहाणी माणसं एकाच शब्दाची दोन टोकं धरून ओढत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सगळ्यांना वेठीला धरलं. तो प्रसंग तिने मला नक्कल करून दाखवला. प्रोग्रामरला तिने विचारलं, "मी मागे आले होते, म्हणजे कधी?"

"आधी."

"आणि मी मागून येते, म्हणजे?"

"नंतर," तो म्हणाला, आणि मग, "एक मिनिट."

"आता सांग, 'मागे' या बटणाने आधीची स्लाइड यायची की नंतरची?"

साहेबांनी डोकं धरलं. "अगं, पण इतकी वर्षं सगळे हेच लिहितात!" त्यांनी सगळ्यांसाठी बटणं बदलायला साफ नकार दिला. मात्र ज्याला हवे त्याने आपले शब्द घालावेत, अशी सोय करायला ते कबूल झाले. प्रोग्रामर कुरकुरला, पण त्याने ती केली.

आता शब्द शोधायचा होता. तिने 'नंतर' लिहिलं, खोडलं. 'दुसरी' लिहिलं, खोडलं. 'चला' लिहिलं, तर दादा म्हणाला, "कुठे?" मी बाजूला शेंगा सोलत होते. तालीम सुरूच होती. दादाने दाराची स्लाइड संपवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "झालं?"

रबरने मान वर केली. मीही. आणि ती एकदम कपाळावर हात मारून हसायला लागली. "वर्षभर मी भिंतीवर डोकं आपटतेय, आणि हे रोज ओरडून सांगताहेत!"

मोबाइलचा जवळजवळ सगळा पडदा एकच बटण झाला. त्यावर लिहिलं होतं: 'झालं'. खाली कोपऱ्यात, आधीची स्लाइड लागलीच तर, एक बारीकसं: 'पुन्हा'. दादा एकदाही चुकला नाही.

व्याख्यानाच्या दिवशी आम्ही दोघी शेवटच्या रांगेत बसलो. नवी तुकडी ताठ बसली होती. पहिल्या रांगेत तो तरुण प्रशिक्षक, मांडीवर छापील व्याख्यान घेऊन. माणूस भला दिसत होता, तरी मला त्याचा राग आला.

दादा बोलू लागला. धूर वर चढतो, श्वास जमिनीजवळ असतो, म्हणून रांगायला लाजायचं नाही. झालं? अंगठा पडला, स्लाइड बदलली. झालं? पुन्हा बदलली. रबर माझा हात धरून बसली होती आणि दर 'झालं'ला तो आवळत होती.

आणि दाराच्या स्लाइडवर दादाच्या हातातला मोबाइल वाजला.

रबरने माझा हात एकदम सोडला. "येणारे कॉल बंद करायचे राहिले," ती पुटपुटली. "बटणाचा शब्द शोधला आणि कॉल बंद करायचे राहिले!" फोन आमच्या जावयांचा, दादाच्या थोरल्या लेकीच्या नवऱ्याचा होता. ते वेळ साधण्यात नेहमीच पटाईत आहेत. दादा मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहिला. 'झालं' गायब झालं होतं. त्या जागी एक हिरवं बटण होतं आणि एक लाल. तरुण प्रशिक्षक कागद सावरत अर्धा उठला.

"बसा," दादा म्हणाला. त्याने लाल दाबलं. फोन गप्प झाला आणि 'झालं' जागेवर आलं. "लाल म्हणजे आपला," तो तुकडीला म्हणाला, "हे आधी लक्षात ठेवा." सगळे हसले, पण गेल्या वर्षीसारखे नाही.

शेवटची स्लाइड संपली, पडदा काळा झाला. तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. बंद दाराला हात कसा लावायचा, ते तिला पुन्हा बघायचं होतं. दादाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, करंगळीने कोपऱ्यातलं 'पुन्हा' शोधलं आणि परत परत दाबत दारापर्यंत गेला. मग स्वतःचा हात उलटा करून हवेत धरला. "तळवा नाही लावायचा. तळवा भाजला तर दोर कशाने धरणार?" मुलीने आपला हात तसाच उलटा धरला. तिच्याबरोबर सगळ्या तुकडीने धरला.

प्राचार्य बाहेरपर्यंत पोहोचवायला आले. "सर, पुढच्या वर्षी तारीख आधी कळवतो. तुम्हालाच यायचंय."

गाडीत बसल्यावर रबरने सीटवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या सीटवरून दादा म्हणाला, "ते 'पुन्हा' फार बारीक केलंयस. माझी करंगळी काय मुंगीची आहे?"

"मोठं करते."

"आणि फोन आला की आपलं बटण जातं कुठे? ते जायला नको."

"बघते."

"आणि तो काळा पडदा एकदम का येतो? माणूस दचकतो."

"बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "झालं?"

"नाही," दादा म्हणाला. "अजून एक आहे."